अठ्ठावीस फुटांची गल्ली

माझा मामा आर्किटेक्ट होता आणि कागदावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "कागदावर कुणाचं कोपर भिंतीला लागत नाही," असं म्हणायचा आणि नकाशा गुंडाळून फक्कीची बादली उचलायचा. खेळाच्या मैदानावर रेघा मारायला जी पांढरी भुकटी वापरतात, ती फक्की. तिने तो अख्खं घर जमिनीवर खऱ्या मापात आखायचा. दार तिथे मोकळी जागा, भिंत तिथे रेघ. मग त्या घरात जे राहणार असतील त्यांना आणून उभं करायचा आणि म्हणायचा, आता इथे दिवस काढून दाखवा.

पहिला प्रयोग मामीवर झाला. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. रेघांच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने खोटा स्वयंपाक केला, खोट्या फडताळातून खोटा डबा काढला, वळली आणि म्हणाली, "अहो, मी आत्ता तुमच्या भिंतीतून पलीकडच्या खोलीत जाऊन आले." मामाने भिंत दीड फूट सरकवली. मामी पुढे जन्मभर सांगायची की माझ्या एका शब्दावर भिंत हलवणारा नवरा मिळाला, भांडू तरी कशावरून. भांडायची मात्र रोज.

मामा ठेंगणा होता, पोट थोडं सुटलेलं, कानामागे पेन्सिल, आणि घरातल्या सगळ्या चपला घोट्यापर्यंत पांढऱ्या. 'घोट्यापर्यंत चपला' हे चुकीचं आहे हे मला कळतं. चपलांसकट घोट्यापर्यंत तो स्वतःच पांढरा असायचा. नाव घेण्यासारखं फार काही त्याने बांधलं नाही. दोन शाळा, एक दवाखाना, पैसेवाल्यांचे पाच-सहा बंगले, आणि एक गाव. शाळा आणि दवाखान्याबद्दल मला काही सांगायचं नाही. ते कुणीही बांधलं असतं.

गिरणी आधी आली, गाव मागून. नदीच्या वळणावर सपाट माळ होता, त्यावर कापडगिरणी उभी राहिली, धुराडं उभं राहिलं, आणि मग मालकांच्या लक्षात आलं की कामाला आलेली दोनशे चाळीस कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये राहताहेत. उन्हात पत्रा तापायचा, पावसात वाजायचा, आणि मधल्या पडद्यापलीकडे कोण कुठल्या कुशीवर वळलं तेही कळायचं. मालकांनी मामाला बोलावून घेतलं. मामा आणि मामी कंपनीच्या एका छोट्या घरात राहायला गेले. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला तिथे पोचले. एकोणीस वर्षांची होते, अर्थशास्त्र शिकत होते, आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती.

पहिल्याच संध्याकाळी घाबरले. गिरणीच्या फाटकापाशी दोन बाया एकमेकींपासून दहा-बारा पावलांवर उभ्या होत्या. दोघींचे ओठ भराभर हलत होते, भुवया वरखाली होत होत्या, हातवारे चालले होते, आणि आवाज एक नाही. मधूनच दोघी पोट धरून हसायच्या, तेव्हा मात्र आवाज यायचा. मी मामीला विचारलं, या वेड्या आहेत का.

"विणकाम खात्यातल्या आहेत," मामी म्हणाली. "आत दोनशे माग एका वेळी धडधडतात. तिथे ओरडून काय ऐकू येणार? ओठांवरून बोलतात. चार-पाच वर्षांत कानही जातात निम्मे, मग घरीदारी तेच."

"मग हसत कशाला होत्या?"

"तुझ्याकडे बघून."

ते खरं निघालं. त्या दोघींपैकी एक आक्का होती. विणकाम खात्यात तिचा शब्द शेवटचा. अंगाने दांडगी, चार मुलांची आई, आणि घरात एक अंथरुणाला टेकलेला सासरा. पुढे आमची मैत्री झाली, तेव्हा तिने सांगितलं की त्या दिवशीचा विषय माझे बूट हा होता. चांगले बूट होते ते.

तर भांडण असं होतं. कंपनीच्या मॅनेजरने मामा यायच्या आधीच गावाचा आराखडा काढून ठेवला होता. लांबलचक रांगा, एका कुटुंबाला एक खोली, सगळी दारं गिरणीच्या दिशेने, म्हणजे ऑफिसच्या गॅलरीत उभं राहिलं की कोण वेळेवर निघालं ते दिसावं. मामाने फक्त सांडपाण्याची सोय बघायची आणि खाली सही करायची. मामाने आराखडा बघितला आणि म्हणाला, "हे घोड्यांसाठी आहे का?" मॅनेजर म्हणाले की घोड्यांचा तबेला पलीकडे आहे, तो तुम्ही पाहिलाच असेल. विनोद बिनोद नव्हता हा. त्यांना प्रश्न विचारला, त्यांनी उत्तर दिलं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हते, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे उगाच त्यांच्यावर दात धरून बसतील. उंच, वाळकुडे, बेरजेवर जीव असलेले. चुकीची बेरीज दिसली की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची.

मामाने दुसरा आराखडा केला. एका कुटुंबाला दोन खोल्या, मागे छोटं अंगण, समोरासमोर दहा-दहा घरांची एक गल्ली, गल्लीची रुंदी चाळीस फूट, मधोमध झाडं. आणि जिचा त्याला फार अभिमान होता ती गोष्ट म्हणजे समोरासमोरची दारं त्याने एकमेकांना चुकवून ठेवली होती. आपल्या दारातून समोरच्याच्या घरातलं काहीही दिसू नये. स्वयंपाकघर तर अगदी मागे, अंगणाला लागून. "पत्र्यात या लोकांना कधी आडोसा मिळाला नाही," तो म्हणायचा. "आता मिळेल."

मॅनेजरनी तो आराखडा हातात घेतला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "अकरा गल्ल्या बसतात. म्हणजे दोनशे वीस घरं. कुटुंबं दोनशे चाळीस."

मामाला हे माहीत होतं. आठ दिवस तो त्या वीस घरांमागे लागला होता. खोल्या लहान केल्या तर पलंग बसेना, अंगण काढलं तर न्हाणीला जागा नाही. मालकांनी दोघांचं ऐकून घेतलं. साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे, हातात कायम काठी, पण काठी टेकलेली मी कधी पाहिली नाही. ते म्हणाले, "सोमवारी सकाळी पाया खणायला गवंडी येताहेत. ते थांबणार नाहीत. रविवारी पाच वाजता मी माळावर येतो. दोनशे चाळीस घरं दाखवा, नाहीतर रांगा बांधू."

"रांगांवर मी सही करणार नाही," मामा म्हणाला.

"मग दुसरा कुणी करेल," मालक म्हणाले. रागाने नाही, साधंच.

घरी आल्यावर मामीने विचारलं, "मग आता ट्रंका भरायच्या का?"

"रविवारपर्यंत थांब. मालकांनी एकदा दोन खोल्यांच्या घरात पाय टाकला ना, की त्यांना रांगा बांधाव्याशा वाटणारच नाहीत."

"आणि ती वीस कुटुंबं? त्यांना तुमचा आडोसा नको?"

माझ्या मामीची ही खोड होती, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवायची आणि मग भाजी चिरायला लागायची.

शनिवारचा अख्खा दिवस फक्की. मामा, मिस्त्री आणि मामी. टेपचं एक टोक मामीच्या हातात, कारण मिस्त्री टेप सैल धरतो अशी तिची तक्रार होती. मी सावलीत पुस्तक घेऊन बसले होते आणि मधून मधून सूचना करत होते. तिसऱ्या सूचनेनंतर मामी म्हणाली, "तुझं अर्थशास्त्र संपलं का?" मग मी वाचायला लागले. संध्याकाळपर्यंत माळावर एका गल्लीचा तुकडा तयार झाला, चार घरं इकडे, चार तिकडे. वाऱ्याने रेघा उडू नयेत म्हणून झारीने पाणी शिंपडलं. झाडं म्हणून मामाने बांबू रोवले. मिस्त्री म्हणाला, "मामा, याला फळं कधी येणार?" गावात सगळेच त्याला मामा म्हणायचे. मी हाक मारायची ती ऐकून पडलेलं नाव ते, त्याला इलाज नव्हता.

रविवारी सकाळी आठ कुटुंबं सामान घेऊन आली. शेगड्या, पातेली, अंथरुणं, एक शिवणयंत्र, आक्काचा सासरा खाटेसकट. मला वाटलं होतं लोक हसतील, अर्ध्या तासात कंटाळून जातील. पण लोकांनी ती घरं मनावर घेतली. इतकी की पहिल्या दहा मिनिटांत दोन शेजाऱ्यांचं सामाईक भिंतीवरून वाजलं. एकाचं म्हणणं, तुझी पेटी माझ्या भिंतीला टेकवू नकोस. मुलं रेघेवरून उडी मारून गेली की आया ओरडायच्या, "दार दिसत नाही का, भिंतीतून कुठे चाललास?" एका नवरा-बायकोचं सकाळचंच काही बिनसलं होतं. बायकोने आत जाऊन न दिसणारं दार लावून घेतलं आणि तो गृहस्थ तासभर रेघेबाहेर उकिडवा बसून राहिला. एक पाऊल टाकलं असतं तर आत होता. टाकलं नाही.

मला कबूल करायला हवं की मीही दारातूनच जाऊ लागले.

अकराच्या सुमारास मॅनेजर आले. हातात कागद, नजर कागदात, आणि सरळ शिवणयंत्रवाल्यांच्या घरात बाजूने घुसले.

"साहेब, भिंत आहे," घरवाली म्हणाली.

मॅनेजरनी खाली पाहिलं. एक पाय भिंतीच्या आत, एक बाहेर. क्षणभर विचार केला, पाय मागे घेतला, वळसा घालून दारापाशी गेले आणि खाकरले. "या," ती म्हणाली. ते आत आले, आणि आता आत येऊन काय करायचं हे न कळून उभे राहिले.

"बसा की. चहा टाकते."

"नको. मी एक विचारायला आलो होतो." ते गल्लीत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "घरं चांगली आहेत. मीही बघतोय. पण अशी दोनशे वीस होतात. वीस कुटुंबं पत्र्यातच राहणार. तुमच्या आठांपैकी कोण पत्र्यात राहायला तयार आहे?"

शिवणयंत्रवालीने शेगडीवरचं भांडं उगाच सरकवलं. मामा बांबूच्या झाडाखाली उभा होता, त्याचा चेहरा मला बघवेना. मॅनेजरचाही फार चांगला नव्हता. प्रश्न खरा होता म्हणून तर तो इतका टोचला.

दुपार झाली, आणि गोष्ट बिघडायला लागली. म्हणजे मला तसं वाटलं. बायका घरात थांबेनात. आक्काने आपली शेगडी मागच्या स्वयंपाकघरातून उचलून पुढच्या खोलीत आणली, मग तिथून दारात, मग चक्क गल्लीत. समोरच्या घरातली तिची मैत्रीण, जिला सगळे धाकटी म्हणायचे, ती आपल्या खोलीच्या अगदी कोपऱ्यात भिंतीला गाल लावून उभी राहिली. म्हणजे रेघेवर तिरकी झुकून. बाकीच्याही कुणी दाराच्या चौकटीत, कुणी गल्लीत. दोन खोल्यांची आठ घरं रिकामी आणि आठ शेगड्या रस्त्यावर.

मामाने हे पाहिलं आणि आक्काच्या दाराशी गेला. "काय झालं? घर आवडलं नाही?"

"घर छान आहे, मामा," आक्का म्हणाली. "सासरा म्हणतोय मरायचं तर इथेच मरेन. पण या घरात मी मुकी झाले."

"मुकी कशी?"

"स्वयंपाकघर मागे. समोर भिंत. दारात आले तर समोर पुन्हा भिंतच, कारण तिचं दार तुम्ही तिकडे सरकवलंय. सकाळपासून धाकटीशी एक शब्द बोलले नाही. आम्ही ऐकून बोलत नाही, मामा, बघून बोलतो. तोंड दिसलं नाही तर बोलणं नाही. पत्र्यात दुसरं काही नव्हतं, पण तोंडं दिसत होती."

"पण मी मुद्दाम..." मामा म्हणाला आणि थांबला.

"मुद्दाम केलंय ते दिसतंय," आक्का म्हणाली. "माझ्या घरात ती डोकावेल म्हणून ना? डोकावू दे. मी पण डोकावते."

मामा तिथेच, आक्काच्या स्वयंपाकघरात, मांडी घालून खाली बसला. मला वाटलं आता संपलं. वीस घरं कमी होतीच, आता जी होती तीही चुकली. मालक यायला चार तास. मामी टेप गुंडाळत होती. ती म्हणाली, "अहो, विचार बसून करा हवा तर, पण तिच्या शेगडीच्या जागेवरून उठा."

मामा उठला आणि हसायला लागला. आधी हळू, मग खदखदून. "दहा दिवस," तो मला म्हणाला, "दहा दिवस मी या माणसांमध्ये फिरतोय. रोज यांचे ओठ हलताना बघतोय. आणि दारं चुकवून ठेवतोय. फडताळांसाठी यांची भांडीसुद्धा मोजली मी, पण ओठांचा विचार केला नाही." मग मिस्त्रीकडे वळून म्हणाला, "झाडू आण. पुसायचं सगळं."

"सगळं?" मिस्त्री म्हणाला. "काल दिवसभर कंबर मोडून..."

"आज पुन्हा मोड. स्वयंपाकघर पुढे, गल्लीकडे. त्याला मोठी खिडकी. खिडकीसमोर खिडकी, दारासमोर दार."

"धूर?" मामीने विचारलं.

"धूर वर जाईल," आक्का म्हणाली. "बोलणं समोर जाईल."

आणि मग आला रुंदीचा प्रश्न. चाळीस फुटांपलीकडच्या खिडकीतलं तोंड वाचता येतं का? आक्का म्हणाली येतं. धाकटी म्हणाली निम्मं येतं. मामा म्हणाला, बघू या. आणि इथे मॅनेजर पुढे आले. इतका वेळ ते शिवणयंत्रवाल्यांच्या पेटीवर बसून चहा घेत होते. नको म्हणाले होते तरी तिने दिलाच होता. अंदाजाने मोजमाप चाललंय हे त्यांना सहन होईना.

"असं नाही चालत," ते म्हणाले. "एकीला काय बोलायचं ते मी लिहून देतो. दुसरीने काय कळलं ते मोठ्याने सांगायचं. मी ताडून बघतो."

धाकटीला वाचता येत होतं. मॅनेजरनी खिशातली वही काढली आणि वाक्यं लिहिली. माणसाला बायकांच्या तोंडी घालायला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यांनी गिरणीचे नियमच लिहिले. धाकटीने चाळीस फुटांवरून पहिलं वाक्य ओठांनी म्हटलं.

"सकाळी काहीतरी होणार आहे," आक्का ओरडली. "काय ते कळलं नाही."

"सकाळी सात वाजता भोंगा होईल," मॅनेजर म्हणाले. "अर्धे गुण. पुढे या."

पस्तीस फुटांवर आक्काने फाटकाचा पास ओळखला, पण पास दाखवायचा की टाकायचा ते नाही. बत्तीसवर एखादा शब्द सुटत होता. गल्लीच्या दोन्ही बाजूंना एव्हाना शंभर माणसं जमली होती, पत्र्यातली उरलेलीही आली होती. प्रत्येक वाक्याला शिट्ट्या. अठ्ठावीस फुटांवर आक्काने तीन नियम बिनचूक म्हटले, शेवटी 'हुकुमावरून'सकट. चौथ्या वाक्याला धाकटीने मॅनेजरकडे एकदा पाहिलं आणि ओठ हलवले. आक्का बोलेना. पण गल्लीतल्या सगळ्या विणकर बाया खाली बसून हसायला लागल्या.

"काय म्हणाली?" मॅनेजरनी विचारलं.

"ते कागदावर नव्हतं, साहेब."

"तरी काय म्हणाली?"

"अंतर बरोबर आहे," आक्का म्हणाली. "एवढंच लिहा."

मॅनेजरनी तेवढंच लिहिलं. अठ्ठावीस. आणि मग त्यांची पेन्सिल थांबली. ते वहीकडे बघत राहिले. कपाळावरची ती शीर उडाली. बाकीचे अजून हसत होते, मामा मिस्त्रीला दोरी कुठे बांधायची ते सांगत होता, आणि हा वाळकुडा माणूस एकटाच ओठ हलवत उभा होता. ओठांनी तोही बोलत होता, पण आकडे.

"अहो आर्किटेक्ट," ते म्हणाले. "चाळीसची अठ्ठावीस केलीत. गल्लीमागे बारा फूट वाचले. अकरा गल्ल्या. एकशे बत्तीस फूट."

"बरं मग?" मामाचं लक्ष दोरीत होतं.

"दोन बाजूंची घरं, अंगणं आणि मधली गल्ली धरून एका गल्लीला लागतात शंभर."

मामाने दोरी सोडली.

"बारावी गल्ली बसते," मॅनेजर म्हणाले, जणू कुणी त्यांच्याकडून जबरदस्तीने वदवून घेतलं होतं. "वीस घरं. वर बत्तीस फूट उरतात, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मामाने त्यांना मिठी मारली. त्यांचा काळा कोट पाठीवर दोन पंज्यांच्या आकाराचा पांढरा झाला. तो कोट ते संध्याकाळपर्यंत तसाच घालून हिंडले, कुणी सांगितलंच नाही.

आठ दिवस मामा भिंती सरकवत होता, खोल्या कातरत होता. रस्त्याला त्याने हात लावला नव्हता, कारण रुंद रस्ता आणि मधोमध झाडं हे त्याचं लाडकं स्वप्न होतं. मी नंतर त्याला हे तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "हो. झाडांवर जीव होता माझा." मामी म्हणाली, झाडं त्या बत्तीस फुटांत लावा. तशी लावलीही.

पाच वाजायच्या आत दोरी, टेप, फक्की. या वेळी शंभर हात होते. पत्र्यातल्या माणसांनी बादल्या आणल्या, झाऱ्या आणल्या. मी पुस्तक खाली ठेवलं आणि खिडक्या आखल्या, दोन्ही बाजूंना झाडांचे बांबू रोवून खिडकीच्या खालच्या कडेच्या उंचीवर दोरी बांधली. एक जरा तिरकी झाली.

मालक बरोबर पाचला आले. काठी काखेत. मामाने काही भाषण केलं नाही, मॅनेजरनीच वही पुढे धरली. मालकांनी आकडे वाचले, मान हलवली, आणि आक्काच्या दारातून आत गेले. पुढच्या खोलीत पेटीवर बसले. मागची खोली पाहिली, अंगण पाहिलं, सासऱ्याला कसे आहात विचारलं. पुन्हा पुढे येऊन खिडकीपाशी, म्हणजे खिडकी असणार होती तिथे, बसले.

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून धाकटीने आक्काला ओठांनी काहीतरी म्हटलं. कशाबद्दल ते सांगायला नको, नजर मालकांवरच होती. आक्काने ओठांनीच उत्तर दिलं. शेजारची एक फस्सकन हसली.

मालकांनी मान वळवली, धाकटीकडे पाहिलं, आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. चांगली दोन-तीन वाक्यं झाली असतील.

धाकटीच्या हातातली पळी पडली. आक्काने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गल्लीतल्या सगळ्या विणकर बाया जागच्या जागी थिजल्या, आणि आम्ही ऐकणारी माणसं बावळटासारखी एकमेकांकडे बघत राहिलो.

"काय म्हणाले?" मामाने आक्काच्या कानाशी ओरडून विचारलं.

"मालक म्हणाले," आक्का तोंडावरचा हात न काढता म्हणाली, "की मी बारा वर्षं मागावर होतो, माझ्यासमोर जपून. आणि म्हणाले, खिडकी उंच झालीये. उभ्या माणसाचं ठीक आहे. बसलेल्या माणसाची हनुवटी दिसत नाही."

मामाने मालकांकडे पाहिलं. मालक आता मोठ्याने बोलले, "निम्मे शब्द हनुवटीत असतात. खिडकी सहा इंच खाली घ्या."

"रांगांचं काय?" मॅनेजरनी विचारलं. त्यांना नोंद करायची होती.

"कसल्या रांगा?" मालक म्हणाले आणि काठी काखेत मारून दारातून बाहेर पडले.

सोमवारी सात वाजता गवंडी आले आणि फक्कीवर पाया खणला. वर्ष लागलं. बाकीच्या गल्ल्या आधी भरल्या, बारावी शेवटी. तिच्यात राहायला जायचा दिवस मला नीट आठवतो, कारण मी त्यासाठी कॉलेजमधून आजारपणाचा खोटा अर्ज करून आले होते. हातगाड्यांवरून सामान येत होतं, बायका खिडक्यांत बसून लांबवरून एकमेकींना पडद्यांचे रंग विचारत होत्या, आणि मॅनेजर वही घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दारं मोजत चालले होते. दारांची संख्या त्यांना पाठ होती, तरी मोजत होते. मामा गल्लीच्या टोकाला उभा होता.

"वीस," मॅनेजर त्याच्यापाशी येऊन म्हणाले. "तुमचं बरोबर आलं."

"बेरीज तुमची होती."

"हो," मॅनेजर म्हणाले. "ती माझी होती." आणि वही मिटून ते पुन्हा पहिल्या दारापासून मोजायला गेले, या वेळी जरा सावकाश, कारण प्रत्येक घरातून कुणी ना कुणी त्यांना आत बोलवत होतं.

मामाचे डोळे वगैरे पाणावले नाहीत. त्याने एका खिडकीत बसून दोन कप चहा प्यायला, सगळ्या दारांच्या बिजागऱ्या तपासल्या, एक कुरकुरत होती तिला तेल घालायला लावलं, आणि घरी येऊन इतका जेवला की मामीने पातेलं उचलून आत नेलं.